दुर्गदर्शनाची वाङ्मयीन रीत : माहुली व मलंगगड यांच्या निमित्ताने

१

गडकोटांविषयीचे लेखन मराठीत विपुल आहे. त्या लेखनाचे वाङ्मय म्हणून परीक्षण मात्र फारसे झालेले नाही. किल्ल्यावर जाऊन आलेल्या माणसाने लिहिलेला मजकूर इतिहासाचा अभ्यासक प्रमाणांच्या दृष्टीने तपासतो, आणि त्यात नवे प्रमाण नसल्यास बाजूस ठेवतो. साहित्याचा अभ्यासक त्यास प्रवासवर्णनाची एक पोटजात समजतो आणि एखाद्या वाक्यात त्याची बोळवण करतो. या दोहोंच्या मध्ये एक प्रश्न अनुत्तरित राहतो. पडक्या गडावर उभ्या असलेल्या माणसास नेमके काय दिसते, आणि त्यातील किती त्याने स्वतः पाहिलेले असते व किती लेखनाच्या रूढ रीतीने त्याच्या हाती आधीच ठेवलेले असते, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी ठाणे जिल्ह्यातील माहुली हा गड मुख्य उदाहरण म्हणून घेतला आहे व कल्याणनजीकचा मलंगगड त्याच्या जोडीस ठेवला आहे.

ही निवड हेतुपूर्वक केली आहे. राजगड, रायगड, प्रतापगड यांच्याविषयीचे लेखन इतके दाट आहे की त्या गडांवर पाऊल ठेवण्यापूर्वीच वाचकाच्या मनात ते बांधून तयार असतात. युनेस्कोने २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केलेल्या मराठ्यांच्या बारा दुर्गांत हे तिन्ही आहेत. माहुली आणि मलंगगड त्या यादीत नाहीत. कीर्तीचा भार ज्यांच्यावर कमी आहे अशा स्थळी वर्णनाची रीत उघडी पडते, म्हणून परीक्षणास ती अधिक सोयीची.

२

माजिवडा हे या प्रवासाचे आरंभस्थान. मुंबईकडून येणारा द्रुतगती मार्ग, घोडबंदरचा रस्ता आणि नाशिककडे जाणारा महामार्ग यांचा संगम ज्या ठिकाणी होतो, तेथे आज पुलांखाली उभे राहिले असता डोंगर क्वचितच नजरेस पडतो. परंतु हा सारा टापू दुर्गांच्या साखळीतलाच आहे. घोडबंदरचा कोट एका अंगास आहे. ठाण्याचा किल्ला तर शहराच्या पोटातच आहे. पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ च्या अखेरीस तो इंग्रजांच्या हाती गेला, आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. ज्यास पाहावयास कोणी ‘दुर्गयात्री’ जात नाही असा हा किल्ला वापरात असल्यामुळेच वर्णनाबाहेर राहिला, ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवू. तिचा उपयोग पुढे होईल.

नाशिकच्या रस्त्याने आसनगावपर्यंत गेले की माहुलीचा डोंगर समोर येतो. गॅझेटियरमध्ये त्याची उंची २,८१५ फूट दिली आहे. पायथ्याच्या माहुली गावातून वाट रानातून चढते, माथ्याजवळच्या कड्यास लोखंडी शिडी लावलेली आहे, आणि तीवरून माणूस माथ्यावर येतो. गडाचे तीन भाग आहेत : उत्तरेस पळसगड, मध्ये माहुली, दक्षिणेस भंडारगड. माथ्यावर पाण्याची टाकी, तळे, वाड्याचे चौथरे, नमाजाच्या जागेचे अवशेष, आणि खिंडीच्या बाजूस देवड्यांसह पडका महादरवाजा आढळतो. दक्षिणेकडील सुळक्यांस गावकऱ्यांनी नवरा, नवरी, करवली, भटोबा अशी नावे दिली आहेत.

प्रस्तुत लेखक काही विद्यार्थ्यांसह हा गड चढून गेला असता एक साधा प्रयोग केला होता. प्रत्येकाने वर पोहोचल्यावर एक पृष्ठ लिहावयाचे, परंतु एकमेकांस दाखवावयाचे नाही. खाली उतरल्यावर ती पृष्ठे वाचली तेव्हा बहुतेकांत ‘काळाच्या उदरात गडप’, ‘निःशब्द साक्षीदार’, ‘गतवैभव’ अशी पदे सापडली. टाक्यांची संख्या कोणीही लिहिली नव्हती. एका विद्यार्थिनीने मात्र महादरवाजाच्या देवड्यांत बसले असता वारा लागत नाही, एवढेच लिहिले होते. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. पहारेकऱ्याने जे अनुभवले असेल ते त्या एका वाक्यात आले होते, आणि बाकीची पृष्ठे माहुलीवर न जाताही लिहिता आली असती. प्रस्तुत लेखकाचे स्वतःचे पृष्ठही या दुसऱ्या वर्गातलेच होते, हेही सांगितले पाहिजे.

३

ही ठरीव भाषा आली कोठून, याचा शोध घेऊ लागलो म्हणजे दुर्गविषयक लेखनाच्या तीन भिन्न परंपरा दिसू लागतात.

पहिली परंपरा गड बांधणाराची व राखणाराची. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र हा तिचा उत्तम नमुना होय. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील या ग्रंथात दुर्गांचे प्रकरण आहे, आणि त्यातील गद्य आजही आश्चर्य वाटावे इतके नेमके आहे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. एका झऱ्यावर विसंबू नये. खडक फोडून टाकी करावीत. दरवाजा एकच असू नये. दारूखाना घरांपासून दूर असावा. घेऱ्यातील झाडी तोडू देऊ नये. अशा आशयाच्या सूचना तेथे आहेत. या गद्यात उमाळा नाही. गडाचे प्रेम येथे काळजीच्या रूपाने प्रकटते, आणि काळजी घेणारा माणूस वस्तू बारकाईने पाहतो.

दुसरी परंपरा जेत्या सरकारच्या नोंदीची. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर कॅप्टन डिकिन्सन या अधिकाऱ्याने कोकणातील किल्ल्यांची पाहणी करून अहवाल दिले. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८२ मध्ये निघालेल्या गॅझेटियरच्या ठाणे जिल्ह्याच्या खंडांत त्या अहवालांचा पुष्कळ उपयोग झालेला आहे. तट किती, बुरूज किती, पाणी किती, वाट कशी, हे सारे येथेही आहे. परंतु ही दृष्टी गड पुन्हा नांदावा यासाठी नव्हे, तर तो पुन्हा नांदू नये यासाठी योजलेली आहे. चिं. ग. गोगटे यांच्या ‘महाराष्ट्र देशातील किल्ले’ या ग्रंथाने किल्ल्याकिल्ल्याची माहिती मराठी वाचकासाठी एकत्र केली. त्यात नोंदीची ही शिस्त मराठीत आली, आणि हेतू पालटला.

तिसरी परंपरा भावयात्रेची. तिचे सर्वात समर्थ प्रतिनिधी गो. नी. दाण्डेकर (१९१६–१९९८). ‘दुर्गदर्शन’ आणि १९८३ मधील ‘दुर्गभ्रमणगाथा’ या पुस्तकांनी मराठी तरुणांच्या अनेक पिढ्यांस डोंगराची वाट दाखविली. गडावर जाणे ही त्यांच्या लेखनात यात्रा होते. गडाचे दर्शन घ्यावयाचे असते, त्याची माती कपाळी लावावयाची असते. आज जी भाषा सर्वत्र आढळते ती बहुतांशी याच परंपरेतून झिरपलेली आहे. मात्र मूळ लेखकाजवळ वाटा, माणसे आणि ऋतू यांचा जो साठा होता तो या पाझरात गाळला गेला आहे.

४

भावयात्रेच्या या रीतीचे मूळ केवळ आधुनिक राष्ट्रभावनेत शोधले तर विवेचन अपुरे राहील. ओसाड स्थळाच्या वर्णनाची आपली एक प्राचीन परंपरा आहे. रघुवंशाच्या सोळाव्या सर्गात अयोध्येची अधिदेवता रात्री कुशाच्या शयनगृहात येते आणि उजाड नगरीची अवस्था त्याच्यापुढे मांडते. ज्या पायऱ्यांवर स्त्रियांच्या पावलांचा अळता उमटे तेथे आता वाघांची रक्ताळलेली पावले उमटतात. खांबांवरील स्त्रीप्रतिमांवर सापांच्या काती वस्त्रासारख्या पडल्या आहेत. चित्रातील हत्तींस खरे समजून सिंह त्यांच्यावर नखे मारतात. हे सारे सांगण्यात देवतेचा हेतू एकच आहे : राजाने परत यावे. कुश परततो, आणि नगरी पुन्हा उभी राहते.

म्हणजे आपल्याकडील अवशेषवर्णन मुळात फिर्याद आहे. युरोपात अठराव्या शतकात अवशेषांची जी अभिरुची वाढली तिच्याशी याची तुलना उद्बोधक ठरते. दिदरोने १७६७ च्या चित्रप्रदर्शनावर लिहिताना युबेर रोबेर याच्या भग्नावशेषांच्या चित्रांपुढे जे चिंतन केले, त्यात सर्व काही नाश पावते या विचाराचा एक मधुर विषाद आहे. अवशेष तेथे अवशेष म्हणूनच हवा असतो. तो दुरुस्त झाला तर आस्वादाचा विषय संपेल. कालिदासाच्या देवतेस असा आस्वाद परवडणारा नाही. तिचे घर पडले आहे.

मराठी दुर्गवर्णनाने फिर्यादीचा हा स्वर स्वीकारला, परंतु ती ऐकणारा कुश त्याच्यापुढे नाही. राजा परत येणार नाही हे लेखकास व वाचकास ठाऊक आहे. परिणामी फिर्याद कोणास उद्देशून करावयाची हे न ठरल्यामुळे ती केवळ उद्गार होऊन राहते. रसशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर शोक आणि उत्साह हे दोन स्थायिभाव येथे एकत्र आणले जातात, पण आलंबन विभाव धूसर राहतो. कोणता बुरूज, कोणते टाके, कोणता प्रसंग, हे स्पष्ट नसताना केवळ व्यभिचारी भावांची गर्दी केली म्हणजे रसनिष्पत्ती होत नाही. वाचक हेलावत नाही. हेलावलो आहोत असे तो म्हणतो एवढेच.

५

या रीतीची खरी कसोटी माहुलीच्या इतिहासात लागते. १६३६ मध्ये शहाजीराजे बालवयातील निजामशहास घेऊन याच गडाच्या आश्रयास आले. मोगलांची व विजापूरची फौज एक झाली, गडास वेढा पडला, आणि अखेर शहाजीराजांस तह करावा लागला. मुलगा मोगलांच्या स्वाधीन झाला, निजामशाहीचा शेवट झाला, आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या सेवेत गेले. १६५८ च्या आरंभी हा गड शिवाजी महाराजांकडे आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले त्यांत माहुली, भंडारदुर्ग आणि पळसखोल अशी तीन नावे स्वतंत्र मोजलेली आढळतात. १६७० मध्ये मनोहरदास गौड हा मोगलांचा किल्लेदार असता मराठ्यांचा पहिला हल्ला फसला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गड पुन्हा हाती आला.

म्हणजे माहुली हे एका प्रयत्नाच्या पराभवाचे स्थळ आहे, एका तहातील नाइलाजाचे स्थळ आहे, आणि एका फसलेल्या हल्ल्याचेही स्थळ आहे. विजयही आहे, पण तो या साऱ्यानंतरचा आहे. रूढ वर्णनात मात्र शेवटचे पान आधी येते आणि पहिली पाने घाईने उलटली जातात. शहाजीराजांचा प्रसंग एखाद्या वाक्यात उरकला जातो. वास्तविक राज्य उभे करण्याचा एक प्रयत्न कोठे व का थांबला हे ज्या डोंगरावर प्रत्यक्ष पाहता येते, तो डोंगर विजयस्थळाइतकाच, किंबहुना अधिक, बोलका मानावयास हवा. वेढ्यात अडकलेल्या मोठ्या शिबंदीस या माथ्यावर किती पाणी पुरले असेल, उतरावयाच्या वाटा किती होत्या, खालचा मुलूख शत्रूकडे गेल्यावर रसद कोठून यावयाची, हे प्रश्न टाक्यांजवळ उभे राहून विचारता येतात. आज्ञापत्राने नेमके तेच विचारावयास शिकविले आहे. तहनाम्यातील तीन नावांचेही तसेच. सहलीस आलेल्यास एक दिसणारा डोंगर तह करणारांनी तीन किल्ले म्हणून का मोजला, हे पळसगडापासून भंडारगडापर्यंत चालून गेल्यावर पायांस कळते.

या रीतीचा दुसरा दोष असा की तीत आजची माणसे नसतात. असलीच तर वाट दाखविणारा ‘भोळा’ गावकरी म्हणून येतात. सुळक्यांस नवरा-नवरी आणि करवली म्हणणाऱ्या कल्पनाशक्तीची दखल ‘गमतीदार नावे’ एवढ्याच शब्दांत घेतली जाते. वास्तविक इतिहासाच्या नावांनी न भारलेल्या लोकांनी या कड्यांत एक लग्नाचे वऱ्हाड पाहिले. राजांच्या लढाया वर चालू असता खाली जे जीवन चालू होते त्याची ती भाषा आहे. माथ्यावरून दिसणारा तानसा तलाव १८९२ पासून मुंबईस पाणी पुरवितो. गडावरील टाकी आणि खालचा तलाव या दोहोंत पाणी कोणासाठी साठविले हा एकच प्रश्न आहे. दुर्गवर्णनात मात्र तलाव ‘निळाशार’ असतो, आणि तेवढाच असतो.

६

येथे दाण्डेकरांविषयी न्याय करावयाचा तर त्यांच्या कादंबऱ्यांकडे वळले पाहिजे. ‘पवनाकाठचा धोंडी’ (१९५५) मध्ये तुंग किल्ल्याच्या हवालदारीचा वारसा सांगणाऱ्या घराण्यातील पुरुष आहे. ‘माचीवरला बुधा’ (१९५८) मध्ये मुंबईहून राजमाचीच्या माचीवर परतलेला म्हातारा आहे. ‘जैत रे जैत’ (१९६५) मध्ये लिंगोबाच्या डोंगराशी झुंजणारे ठाकर आहेत. या तिन्ही कृतींत गड अथवा डोंगर हे राहते घर आहे. धोंडीच्या मनातील हवालदारी इतिहासजमा झालेली आहे, तरी तिचे ओझे त्याच्या आजच्या वागण्यावर आहे. बुधाला माची पवित्र वाटते ती तेथे कोणी राजा येऊन गेला म्हणून नव्हे. तेथे त्याची झाडे आहेत, जनावरे आहेत, त्याचे मरण आहे.

एकाच लेखकाच्या हातून गडाची दोन रूपे निर्माण झाली : भ्रमणगाथेतील देऊळ आणि कादंबरीतील घर. पुढील लेखकांनी पहिले रूप उचलले व दुसरे सोडून दिले. ही निवड सोपी होती, कारण देवळात काही क्षण हात जोडून उभे राहता येते. घराचे वर्णन करावयाचे तर तेथे राहणाऱ्यास ओळखावे लागते. मराठी दुर्गवाङ्मयाची वाढ खुंटली आहे असे जे जाणवते त्याचे कारण, प्रस्तुत लेखकाच्या मते, या निवडीत आहे.

७

मलंगगडाचे उदाहरण या संदर्भात अधिक कठीण आहे. कल्याणच्या दक्षिणेस असलेल्या या गडाचे पीरमाची, सोनेमाची आणि बालेकिल्ला असे टप्पे आहेत. १७८० मध्ये कॅप्टन ॲबिंग्टन याने खालचा भाग घेतला, परंतु वरच्या शिबंदीने बालेकिल्ला सोडला नाही. पुढे मराठ्यांनी ॲबिंग्टनलाच कोंडीत धरले, आणि त्याच्या सुटकेसाठी कर्नल हार्टले यास यावे लागले. दुर्गवर्णनास हवा तसा हा प्रसंग आहे. तरीही मलंगगडाविषयी रूढ पद्धतीचे लेखन करणे अवघड जाते, कारण येथे ‘निःशब्द’ म्हणावे असे काही नाही. पीरमाचीवर हाजी मलंगांचा दर्गा आहे; त्याच जागी मच्छिंद्रनाथांची समाधी मानणारेही आहेत; व्यवस्थेत कल्याणच्या एका ब्राह्मण घराण्याचा पूर्वापार सहभाग आहे; आणि माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथे गर्दी लोटते. वाटेवर दुकाने आहेत, वस्ती आहे, आणि स्थळाच्या नावावरून व हक्कावरून वादही आहेत.

असे स्थळ वर्णावयाचे झाल्यास दोन मोह होतात. एक, पीरमाची ओलांडून थेट बालेकिल्ल्याविषयी लिहावयाचे, जणू खालचा भाग गडाचा नव्हेच. दुसरा, स्थळाच्या अनेक थरांपैकी एकासच खरा मानून बाकीचे उपरे ठरवावयाचे. दोन्ही मोहांच्या मुळाशी एकच समजूत आहे : गड एका विवक्षित काळी पूर्ण होता आणि त्यानंतर जे घडले ते केवळ झीज आहे. ठाण्याचा तुरुंग झालेला किल्ला दुर्गवर्णनात न येण्याचे कारणही तेच. वापरात असलेले स्थळ या समजुतीत बसत नाही. परंतु गड म्हणजे मुळात वापराची वस्तू. धान्य, दारूगोळा, पाणी, पहारा, देव, बाजार हे सारे तेथे एकत्र नांदले. म्हणून पीरमाचीवरची वर्दळ पाहून ज्यास गड भ्रष्ट झाला असे वाटते, त्याच्या मनातील रिकामा गड हाच इतिहासास सोडून आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

८

यावर एक आक्षेप संभवतो. भावना वगळून दुर्गवर्णन करावयाचे तर गॅझेटियर आहेच. मग वाङ्मयाचे प्रयोजन काय? शिवाय याच भावनेने शेकडो तरुण सुट्टीच्या दिवशी गडावर जातात, टाक्यांतील गाळ काढतात, वाटा साफ करतात. शब्द ठरीव असले तरी काम खरे आहे. हा आक्षेप रास्त आहे आणि त्यास उडवून लावणे योग्य नव्हे. फिर्याद ऐकणारा कुश आज कोणी असेल तर तो गाळ काढणारा हाच होय.

परंतु हे मान्य केले म्हणजे आपला निष्कर्ष दुबळा न होता दृढच होतो. टाक्यातील गाळ काढणाऱ्यास टाके किती खोल आहे, पाणी कोठून उतरते, कोणती कड फुटली आहे, हे कळते. त्याची दृष्टी अमात्यांच्या दृष्टीच्या जवळ जाते. तोच तरुण खाली येऊन लिहू लागला की मात्र ‘काळाच्या उदरात’ ही भाषा त्याच्या हातात येते, आणि त्याने हातांनी जे जाणले ते कागदावर उतरत नाही. येथे भावनेचा अभाव नाही; भावनेस योग्य अशी भाषा नाही, ही उणीव आहे. ती दूर करणे हे टीकेचे काम आहे, आणि विद्यापीठीय विभागांनी ते अंगावर घ्यावयास हवे.

त्यासाठी फार मोठी साधने लागणार नाहीत. एका गडाविषयी मराठीत जे जे लिहिले गेले ते कालक्रमाने लावून पाहावे. कोणते शब्द कोणत्या दशकात येतात आणि कोणत्या वस्तू गळतात याची नोंद करावी. पायथ्याच्या गावांतील स्थळनावे ऐकून लिहून घ्यावीत. आणि हे सारे घेऊन त्या गडावर पुन्हा जावे. माहुलीसारखा गड यास उत्तम आहे. माजिवड्याहून सकाळी निघून सायंकाळी परत येता येते.

उतरताना महादरवाजाजवळ थोडा वेळ थांबलो होतो. त्या विद्यार्थिनीचे वाक्य तेव्हा वाचलेले नव्हते. ते वाचल्यानंतर पुन्हा एकदा गेलो आणि देवडीत बसून पाहिले. वारा खरोखरच लागत नव्हता. बाहेर गवत लवत होते, आणि खालून कोणी वर येत असेल तर तो दिसावा अशी ती जागा होती. बांधणाराने हे पाहूनच ती निवडली असली पाहिजे. त्याच्या आणि आपल्यामध्ये शतके आहेत हे खरे; पण त्या जागेपुरते आपण त्याच्याच नजरेने पाहत असतो. दुर्गवर्णनाने आरंभ येथून करावा.